कॉम्प्युटरचं टेबल

शार्दूल टेबलाखाली शिरून वायरी सोडवत होता आणि ऊर्मी शेजारी उभी राहून त्या गुंडाळत होती. अकरा वाजता विजयेंद्र चेन्नईच्या दुसऱ्या टोकाहून, अंबत्तूरहून, गाडी घेऊन निघणार होता. तो शार्दूलच्या कारखान्यातला सहकारी. त्याच्या मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवा होता, आणि शार्दूलने घरातला जुना डेस्कटॉप तिला द्यायचं कबूल केलं होतं. ऊर्मीला रडू येत होतं. कारण सांगायची मात्र सोय नव्हती.

कारण कॉम्प्युटरऐवजी नवा टॅब शार्दूलने, तिच्या नवऱ्यानेच, हौसेने आणला होता. तिच्या वाढदिवसाला, कीबोर्ड आणि पेनसकट. ऊर्मी पुण्याच्या एका संस्थेसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीतून मराठीत करायची. ते सगळं काम टॅबवर होत होतं. शब्दकोश उघडत होता, फायली जात होत्या, तांबरमच्या या घरातली वीज गेली तरी काही अडत नव्हतं. शार्दूलने तर एकेक काम लिहून यादीच केली होती आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली होती. आता तू घरात कुठेही बसून काम करू शकतेस, असं तो आनंदाने म्हणाला होता. नेमकी तिथेच माशी शिंकली.

त्या टेबलाला घरात मान होता. लॉकडाउनमध्ये शार्दूलच्या मीटिंगा तिथे चालायच्या. घरातला पसारा कुणाला दिसू नये म्हणून तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि मॉनिटरची पाठ हॉलकडे असायची. तेव्हा त्याने नियमच घातला, या खुर्चीवर माणूस असलं की हाक मारायची नाही. पुढे तो कारखान्यात जाऊ लागला, खुर्ची ऊर्मीकडे आली आणि नियम तसाच राहिला. सासरे अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. सिग्नल पाळावा तसा ते तो नियम पाळत.

टॅब घेऊन सोफ्यावर बसलेल्या बाईसाठी मात्र सिग्नल कुठला? ही काहीतरी बघत बसली आहे, एवढंच सगळ्यांना दिसे. अनंतराव कॉफी मागत. सासूबाई, म्हणजे विद्युलताबाई, बसलीच आहेस तर एवढ्या सोल, म्हणून शेंगांचं ताट पुढ्यात सरकवत. पाण्याचे कॅन आले, कुरिअर आलं, खालच्या कनकामामी विरजण मागायला आल्या, की दार उघडायला तीच. आत खोलीत जाऊन बसावं, तर तब्येत बरी नाही का गं, अशी विचारपूस सुरू होई. वाईट कुणीच नव्हतं, म्हणून तर बोलायची पंचाईत.

गेल्या आठवड्यात अशाच धांदलीत तिने एका कॉम्प्रेसरच्या पुस्तकात ‘झडप बंद करा’ऐवजी ‘झडप उघडा’ असं लिहिलं. छापायच्या आधी संस्थेत कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर काम देता येणार नाही, असं त्यांनी सरळ कळवलं. लग्नाआधीपासूनचं काम होतं ते. चेन्नईत आल्यावर तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

शार्दूलने मॉनिटर उचलला. तेवढ्यात विद्युलताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“ठेव तो खाली,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटर कुठेही जाणार नाही.”

शार्दूलने आईला यादी ऐकवायला घेतली. टॅबवर सगळं होतं, हे त्याने दोनदा सांगितलं.

“होत असेल. पण ती पाटी घेऊन बसलेली बाई कामात आहे, असं या घरात कुणाला वाटत नाही. या कॉम्प्युटरपुढे बसलेली आहे असं वाटतं.”

अनंतरावांनी वर्तमानपत्र जरा खाली घेतलं आणि लगेच पुन्हा वर केलं. शार्दूलने ऊर्मीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग मला सांगायचं नाही का, असं तो म्हणाला, आणि तू इतक्या हौसेने आणलास, असं ती म्हणाली. त्याने मॉनिटर होता तिथे ठेवला.

विजयेंद्रला फोन करणं शार्दूलच्या जिवावर आलं होतं, पण केला. पलीकडून तोच मोठमोठ्याने हसू लागला. एवढं धूड होस्टेलच्या खोलीत कुठे ठेवू, मला टॅबच हवा, म्हणून त्याची मुलगी चार दिवस घरात धुसफुसत होती, आणि शार्दूलला नाही कसं म्हणायचं याची त्याला काळजी पडली होती. फोन ठेवून शार्दूल पुन्हा टेबलाखाली शिरला आणि वायरी लावू लागला.

ऊर्मी स्वयंपाकघरात गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला मोकळं वाटत होतं. आपलं काम म्हणजे सासूबाईंना नुसता वेळ घालवणं वाटतं, असं ती धरून चालली होती. त्याची आता तिला लाज वाटली.

“आई, माझ्यासाठी बोललात तुम्ही,” ती म्हणाली.

विद्युलताबाईंनी आधी हॉलकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“तुझ्यासाठी कुठलं गं. चारला तू भाजी आणायला जातेस ना, तेव्हा मी बसते तिथे. दोन वर्षं झाली. हे येतात, बघतात आणि आपली कॉफी आपण करून घेतात.” त्यांनी गॅस बारीक केला. “तो कॉम्प्युटर चालू कुठून करतात, तेवढं मात्र मला अजून ठाऊक नाही.”