मागची गर्दी

सकाळी साडेदहा वाजता कडूबानं डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बैल सोडले.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावरची ती खोली. चष्मा म्हणजे डोक्याला पट्ट्यानं बांधायचं जाडजूड खोकं, आत शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं मैदान. कडूबा वाटूरचा धुरकरी, उभं आयुष्य पटात छकडा हाकलेला. खेळ बेबीनंदानं तयार केलेला. अकराला औरंगाबादहून गेम पार्लरचे मालक खेळ पसंत करायला यायचे होते. कडूबाला खेळताना बघायचं, मग स्वतः खेळायचं, असं ठरलं होतं. फोनवर त्यांनी एवढंच बजावलं होतं, डोकं गरगरलं तर आल्या बसनं परत.

काल गरगरलंच होतं. तिचा भागीदार संपत चष्मा काढून थेट मोरीकडं पळाला. मान वळली की चित्र मागाहून यायचं. मैदानाच्या कडेची गर्दी रंगवण्यातच कॉम्प्युटरचा दम निघत होता. मग तिनं गर्दीच मोडली. वाटूरच्या पटाचा एक जुना फोटो होता. त्यातला फेटा उडवणारा एक माणूस कापून घेतला, कागदासारखा सपाट, आणि तोच सगळीकडं उभा केला. फेट्यांचे रंग तेवढे बदलले. सपाटपणा उघडा पडू नये म्हणून खेळणारा कुठंही गेला तरी तो माणूस त्याच्याकडंच तोंड करील, अशी सोय केली.

"गरगरतंय का, काका?"

"बिलकुल न्हाई. बैल बराबर पळून राह्यलेत."

कडूबानं गर्रकन मान वळवली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र मानेसोबतच वळलं. बेबीनंदानं श्वास सोडला. तेवढ्यात कडूबानं कासरा ओढावा तशी हातातली खेळाची दांडी मागं ओढली.

"पोरी, ह्यो कुठून आणला?"

"फोटोतून. का?"

"कारभारी हाय ह्यो. माझा सख्खा भाऊ."

संपत हसला. "मंग काय काका, सगळं मैदान घरचंच की!"

"जोडीतला एक बैल त्याचा, एक माझा. त्यानं त्याचा विकला. तवापासून बोलणं न्हाई. बाजारात मी दिसलो की तोंड फिरवतो."

बेबीनंदाचा हात माउसवर गेला. "दुसरा चेहरा लावते. लगेच होतं."

कडूबानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग खुर्चीतून अर्धवट उठून पार मागं.

"कुठूनबी बघा, माझ्याकडंच बघून राह्यलाय."

"तसंच केलंय, काका. त्यानं चित्र हलकं होतं."

"मंग राहू दे."

जिन्यात चपला वाजल्या. संपत डोकावून आला. "आले! काका, जल्दी, बैल रेघेवर घ्या."

पडद्यावर छकडा रेघेकडं नाही, कडेला वळला. बेबीनंदा खुर्चीमागं आली. "काका, तिकडं नका जाऊ. ते लांबूनच बघायचंय. जवळ गेलं की चेहरा फुटतो."

अकराला मालक दारात उभे होते. छकडा मैदानाबाहेर, गर्दीला खेटून थांबला होता. पडद्यावर कारभारीच्या चेहऱ्याचे मोठमोठे चौकोन झाले होते. नाक कुठलं, डोळे कुठले, कळत नव्हतं.

कडूबानं चष्मा काढलेला नव्हता.