मोसंबीचा ताण

बद्रीनाथनं झाडाच्या बुडाशी बोट खुपसलं. बोट चिखलानं माखून वर आलं.

"कोण पाणी सोडून राह्यलं इथं?" त्यानं बायकोकडं पाहिलं.

गिरिजाबाईनंही वाकून माती चाचपली. हसनाबादच्या शिवारात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, बहरापूर्वी मोसंबीला तहानेलं ठेवायचं. पानं पिवळी पडून गळली की मग पाणी. तेव्हा कुठं फुलं लागतात. याला ताण म्हणतात. ताण तुटला की बहर गेला, आणि बहर गेला की वर्ष गेलं. इथं तर पानं गळायची सोडून फांदीफांदीला कोवळी नवती फुटली होती. दोघं कापूस वेचण्यात गुंतले आणि इकडं घात झाला.

"म्या न्हाई सोडलं."

"मंग गेल्या साली कळशी घेऊन कोण आल्तं?"

ते खरं होतं. विहिरीजवळच्या झाडाची दशा बघवेना, म्हणून तिनं चोरून कळशीभर पाणी ओतलं होतं. एकदा नाव कानफाट्या पडलं ते पडलंच.

"लेकरांची आन," तिला रडू फुटलं. "यंदा थेंब न्हाई दिला."

तेवढ्यात खांबावरच्या पेटीत खट्ट झालं. विहिरीवरची मोटार आपली आपण चालू झाली आणि ठिबकच्या नळ्या गळू लागल्या. दोघंही बघत राहिले. बद्रीनाथनं धावत जाऊन वायर उपटली. पण नवती थोडीच परत फांदीत जाणार होती!

पेटी दिवाळीनंतर बसवलेली. मातीत सुई रोवलेली. कोणत्या पिकाला ताण कधी, पाणी कधी, हे ओल बघून यंत्रच ठरवणार, माणसानं निवांत राहावं. बसवणारी माणसं ओसरीवर जेवायची थांबली होती, तेव्हा मशीन सुरू करायला कंपनीच्या हापिसातून प्रियदर्शनी नावाच्या पोरीचा फोन आलेला. गिरिजाबाई चुलीपुढं होती. पोरगी कुठली कोकणातली, पण काकू काकू करत स्वयंपाकाचंसुद्धा विचारती झाली, याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं!

आता तिनं त्याच नंबरावर फोन लावला. आपल्यावरचा आळ नवऱ्यासमोर धुऊन निघावा, म्हणून स्पीकर चालू केला.

"पोरी, तुमच्या मशीननं घात केला बघ. मोसंबीचा ताण तोडला."

"मोसंबी?" पलीकडं पोरगी चाचरली. "पण काकू, मी विचारलं होतं ना, काय लावलंय? तुम्हीच तर म्हणालात, भात लावलाय."