तिसरं कडवं

"काका, मला नको पाव. उलटी होईल," तारास म्हणाला.

ऑर्विल पेनर हातात डबा धरून तसेच उभे राहिले. पहाटे भाजलेले पाव होते, सोबत आलुबुखाराचा मुरंबा. परीक्षेचं गाणं-वाजवणं झालं की घरच्यांनी आणलेलं सगळ्यांनी मिळून खायचं, अशी या संगीतशाळेची रीत होती. तारास हा पियानोवर साथ करणारा, त्यांच्या लेकीसोबत, लिओनासोबत, इथेच शिकणारा. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"अरे, गाणार ती आणि घाम तुला?" ऑर्विल हसले. "पियानोवाल्याकडे बघतंय कोण, लेका!"

तारासने मान खाली घातली. लिओनाने मात्र चमकून वडिलांकडे पाहिलं.

"तेच तर," ती म्हणाली. मग तिने त्यांच्या हातातून डबा घेतला, खुर्चीखाली सरकवला आणि काहीतरी विचार करत मंचाकडे गेली.

परीक्षा आहे, नक्की या, असं तिने फोनवर सांगितलं तेव्हापासून ऑर्विल यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दुकानाला कुलूप ठोकून, बर्फातून गाडी हाकत ते विनिपेगला आले होते. गावात जो भेटेल त्याला त्यांनी बातमी दिली होती. चर्चच्या गायनमंडळातल्या मित्रांनी टोपी उडवली ती वेगळीच. "गाण्यातही मास्टर्स असते होय? मग आपण इतकी वर्षं अडाण्यासारखेच गातोय की!"

हसण्यावारी नेलं तरी मनात धाकधूक होतीच. दोन वर्षांपूर्वी गावच्या महोत्सवात लिओना गाता गाता मधेच अडकली होती. पियानोवरच्या बाई आपल्या तंद्रीत वाजवत पुढे निघून गेल्या आणि पोर भर सभेत तोंड उघडं ठेवून उभी राहिली. तो प्रसंग ऑर्विल अजून विसरले नव्हते. आज पुन्हा तसं झालं, तर ही पोर गाणं सोडून देईल, अशी त्यांना भीती होती.

तिघे परीक्षक आले. त्यांच्या प्रमुख ओस्टलंडबाई एवढं मोठं सभागृह रिकामं असताना अगदी डाव्या टोकाला जाऊन बसल्या, आणि बाकीचे दोघे त्यांच्या शेजारी. ऑर्विल मनातल्या मनात चरफडले. तिथून पियानोवाल्याचे हात तेवढे दिसणार. पोरीचा धड चेहरासुद्धा दिसायचा नाही!

लिओना गायला लागली. आवाज मोकळा, स्वच्छ. एकामागून एक गाणी होत गेली. परीक्षक खाली मान घालून काहीबाही खरडत होते. जरा वर बघा की, असं ऑर्विल यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

शेवटचं गाणं होडीवाल्याचं होतं. लिओनाने त्याचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं आणि ऑर्विल यांनी ते गाडीत लावून लावून पाठ केलं होतं. चार कडवी. त्यातलं तिसरं त्यांच्या खास आवडीचं. त्यात पलीकडच्या काठावरून होडीवाल्याला हाक येते, आणि ती हाक त्याच्या स्वतःच्या लेकीची असते.

दुसरं कडवं संपलं. तारासची बोटं पियानोच्या खालच्या, गडद सुरांवर उतरली. ऑर्विल यांचे ओठ आपोआप हलू लागले.

लिओनाने श्वास घेतला. आणि ती चौथं कडवं गाऊ लागली.

ऑर्विल यांचे हलते ओठ तिसऱ्याच कडव्यावर थांबले. गेलं. तिसरं कडवं अख्खंच गळालं.

पण पियानो थांबला नाही. तारासचे हात त्या गडद सुरांवरून असे काही वळले की, वळण मुळातच तिथे होतं असं वाटावं. चौथ्या कडव्याचे लाटांसारखे सूर लिओनाच्या दुसऱ्या शब्दाखाली येऊन लागलेसुद्धा. गाणं माहीत नसणाऱ्याला काही कळलंही नसतं.

परीक्षकांना मात्र कळलं. तिघांच्याही माना एकदम वर झाल्या आणि शेवटच्या सुरापर्यंत खाली गेल्या नाहीत.

टाळ्या झाल्या. परीक्षक आतल्या खोलीत गेले आणि लगेच परतलेही. इतक्या झटपट निकाल म्हणजे वाईटच, असं ऑर्विल यांनी धरलं. त्यांना राहवेना. ते उठून ओस्टलंडबाईंच्या वाटेत उभे राहिले.

"बाई, तिला आणखी एक संधी द्या. तिला सगळं येतं हो. मी रोज ऐकतो."

"कुणाला?"

"माझ्या मुलीला. लिओनाला."

बाई हसल्या. "लिओनाची परीक्षा पुढच्या वर्षी, पेनरसाहेब. आजची साथसंगतीच्या पदवीची होती." मग त्या तारासकडे वळल्या. "मागच्या फेरीत तुझ्याबद्दल काय लिहावं हेच आम्हाला सुचेना. आज सुचलं. गाणारी बुडत असताना तू तिला काठाला लावलंस, आणि तिचा पाय ओला होऊ दिला नाहीस. पास झालास तू."

तारास पियानोच्या बाकावर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "काका, आता द्या तो पाव."

त्याने एकापाठोपाठ तीन खाल्ले. ऑर्विल लेकीला बाजूला घेऊन गेले.

"परीक्षा तुझी नव्हती, मग घाबरलीस कशाला एवढी? माझं आवडतं कडवंच विसरलीस!"

लिओनाने शांतपणे पावाला मुरंबा लावला.

"विसरले कुठे, बाबा? पियानोवाल्याकडे बघतंय कोण, असं तुम्हीच म्हणालात ना? म्हणून बघायला लावलं."