आधी डोळा बघायचा

"हलू नका कुणी," जंगलफेरीत पुढे चालणारे सर दबक्या आवाजात म्हणाले. "त्या वाकलेल्या फांदीवर बघा. पानांतून मान बाहेर काढून बसलाय."

दहा-बारा माना वर झाल्या. अंगठ्याएवढ्या जाडीचा लांबलचक हिरवा साप फांदीसोबत डुलत होता. तो सगळ्यांत उशिरा दिसला पन्नाशीच्या एका बाईंना.

त्या सकाळपासून मागे पडत होत्या. पायातले बूट दोन मापांनी मोठे होते. "घरात होते तेच घातले," एवढंच म्हणाल्या होत्या. बाकीची मंडळी चेष्टामस्करी करत चालली होती. या मात्र सरांचा शब्दन्‌शब्द वहीत उतरवत होत्या. सरांना अशी माणसं आवडत. वीस वर्षं ते लोकांना साप ओळखायला शिकवत होते. कुठेही साप निघाला की लोक त्यांनाच विचारत.

"या दोन हिरव्या सापांत भलेभले फसतात," सर म्हणाले. "एक बिनविषारी, एक जीवघेणा. आधी डोळा बघायचा. विषारी सापाचा डोळा डोक्याच्या मानाने भलताच मोठा. मग पाठ. त्याच्या प्रत्येक खवल्यावर उभी, उठावदार रेघ असते. हा बघा, कसा तुळतुळीत. हा बिचारा गरीब आहे."

"विषारी चावला तर लगेच कळतं?" बाईंनी विचारलं.

"तिथेच तर गोम आहे. दिवसभर काहीच होत नाही. माणूस जेवतो, झोपतो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं. तेव्हा जरी दवाखाना गाठला, तरी वाचतो."

बाईंची पेन्सिल थांबली.

दुपारी सगळे डबे उघडून बसले, तेव्हा त्या सरांजवळ आल्या. हातात फोन होता. "फोटोवरून सांगता येईल?"

सरांनी चष्मा चढवला. फोटो मोठा करून नीट पाहिला. आधी डोळा, मग पाठ.

"बाई, हा विषारी. शंभर टक्के. कुठे निघाला?"

"आमच्या अंगणात. लेकाने काढला फोटो. हा फोन त्याचाच."

"हात तर नाही ना लावला त्याने?"

"लावला. चावला, तरी हसत होता. दुसऱ्या दिवशी उशी लाल झाली, तरी दवाखान्यात यायला तयार होईना. म्हणाला, आई, उगाच घाबरतेस, मी जाणत्या माणसाला विचारलंय." त्यांनी बाहीने फोनची काच पुसली. "तिसऱ्या दिवशी उचलूनच नेला. उशीर झाला होता."

सर संतापाने उठून उभे राहिले.

"कोण हा जाणता? बाई, अशा माणसाला मोकळं सोडू नका!"

बाईंनी फोटो बोटाने वर सरकवला. खाली मिनिटभरात आलेलं उत्तर होतं. 'बिनविषारी. हाताने उचलून झाडावर सोडा.' आणि वर, उत्तर देणाऱ्याच्या नावाशेजारी, सरांचाच हसरा चेहरा होता.