उचललेली वाक्यं

तिसऱ्या ओळीपाशी बाईंची जीभ पुन्हा अडखळली. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून त्या हातातला कागद पुटपुटत होत्या. दहा मिनिटांनी हेच निवेदन आत मोठ्याने वाचायचं होतं, तेही इथल्या भाषेत. त्या उठल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, पुन्हा बसल्या.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. अगं, अजून तिसऱ्याच ओळीला अडतेय, एवढं सांगून त्यांनी तो ठेवला.

"आपल्याच भाषेतल्या दिसता," बाकाच्या दुसऱ्या टोकाची बाई म्हणाली. अंगावर नर्सचा गणवेश, डोळे रडून लाल. "तुमचंही आजच?"

"हो. पहिलीच वेळ."

नर्सला तेवढाच आधार वाटला. ती सरकून जवळ आली आणि बोलतच सुटली. नऊ वर्षं वॉर्डात काढलेली. पेशंटशी इथल्या भाषेत भांडतेही म्हणाली, पण लिहायला बसलं की हात आखडतो. प्रबंधातली सहा पानं तिने एका पुस्तकातून जशीच्या तशी उतरवली होती. आता पदवी गेली तर वॉर्डाची मुख्य नर्स होणं विसरायचं, कदाचित नोकरीही.

"सगळं समजलं होतं हो मला," ती म्हणाली. "आपल्या भाषेत विचारा, आत्ता धडाधडा सांगते. पण माझी वाक्यं लंगडत होती. पुस्तकातली कशी ताठ चालत होती." मग तिने हळूच विचारलं, "तुम्ही किती उचललंत?"

बाईंनी कागदाची घडी घातली. काही तरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो.

"हे? जवळजवळ सगळंच."

काल चार वेळा स्वतः लिहून पाहिलं होतं. चारही वेळा शाळकरी पोरीने लिहिल्यासारखं दिसलं. इथे येऊन चौदा वर्षं झाली तरी. हसतील सगळे, या धास्तीने शेवटी जुन्या फाइलीतून एक निवेदन काढलं, याच खोलीत पूर्वी कुणी तरी वाचलेलं. नाव आणि तारीख तेवढी बदलली.

नर्सने त्यांच्या हातावर हात ठेवला. "जीव टांगणीला लावून घेऊ नका. मी नाही कुणाला सांगणार."

बाई काही बोलायला गेल्या, पण दार उघडलं. कारकून बाहेर आला आणि बाईंसमोर अदबीने वाकला.

"अध्यक्षबाई, समिती तुमच्या सुरुवातीच्या निवेदनासाठीच खोळंबली आहे," तो म्हणाला. मग नर्सकडे वळला. "चौकशी तुमचीच ना? या यांच्या मागोमाग."