मोकळे पाय

जाऊबाई पुन्हा दाराशी पोचल्या होत्या. धाकट्या जावेनं घासायला घेतलेलं पातेलं तसंच टाकलं आणि ओल्या हातानंच त्यांचा दंड धरला.

"आता कुठे निघालात? जरा बसू द्याल का मला?"

"तू बस की. तुला कोणी उभं केलंय?" जाऊबाई म्हणाल्या आणि कडीशी झटू लागल्या.

दीड महिन्यापूर्वी याच जाऊबाईंना खुर्चीतून न्हाणीघरापर्यंत न्यायचं म्हणजे दोघींना घाम फुटायचा. मांड्या नुसत्या ठणकायच्या. डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. म्हणाल्या, "हृदयाचं दुखणं टळावं म्हणून देत होतो. पण या वयात तिचा उपयोग किती, ते छातीठोक सांगता येत नाही. पाय मात्र तिच्यामुळे नक्की दुखताहेत."

ठणका गेला. पाय मोकळे झाले. डोकं तेवढं हरवलं होतं तिथंच राहिलं. काल जाऊबाई भर रस्त्यात, करकचून थांबलेल्या बससमोर उभ्या सापडल्या. तेव्हापासून धाकटीच्या जिवाला थारा नव्हता.

तिनं त्यांना ओढत आणून खुर्चीत बसवलं. कपाटात त्या गोळ्यांचं अर्धं पाकीट पडून होतं. तिनं एक गोळी सोलून काढली. हृदयासाठीच तर आहे. कुणी विचारलंच तर म्हणता येईल, काळजीपोटी दिली. आठ-पंधरा दिवसांत पाय पुन्हा जड होतील. बाई जागच्या हलणार नाहीत. दुपारी घटकाभर पाठ टेकता येईल.

"आ करा."

जाऊबाईंनी मुकाट्यानं आ केला. कसली गोळी, विचारलंसुद्धा नाही. तिचा हात मध्येच थबकला, तशी त्याच कुरकुरल्या, "आटप ना बाई. उशीर होतोय मला."

"एवढं कुठे जायचंय?"

"घरी. आमची धाकटी जाऊ एकटी आहे. नवीन आहे अजून. कुणाला काही सांगत नाही, आतल्या आत कुढत बसते."

धाकटी मोरीशी गेली, गोळी टाकली, वरून पेलाभर पाणी ओतलं.

जाऊबाई तोवर दाराशी पोचल्याही होत्या.

"थांबा," धाकटी म्हणाली, "चपला घालू द्या. मलाही तिच्याकडेच यायचंय."