पळपुटा रुद्र

"तुया हा हिरो पयपुटा आहे, पयपुटा!" शामसुंदररावांनी मोबाइल टेबलावर आपटला.

समीक्षाने डोळे मिटून घेतले. झालं, आज पुन्हा सुरू. तिची हिंदी कादंबरी एका अ‍ॅपवर भागाभागाने यायची आणि नवा भाग आला रे आला की कोहका वस्तीतल्या या घरात बाबांचं कोर्ट भरायचं. बाबा दिवाळीत स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते. जन्मभर फर्नेसवर पोरांवर डाफरलेला माणूस. आता डाफरायला उरली होती एकटी ती आणि तिच्या कादंबरीतला रुद्र.

पहिल्याच भागात रुद्रला गावातल्याच सुपेला चौकात ट्रक उडवतो आणि तो डोळे उघडतो तो थेट दुसऱ्या दुनियेत. "सुपेल्यात ट्रक लागला तर मानूस सेक्टर नाइनच्या दवाखान्यात जाते," असा निकाल बाबांनी तेव्हाच दिला होता. पुढे प्रत्येक दुनियेत त्याला नवी शक्ती आयती मिळते, हे त्यांना खपलं नाही. प्रत्येक दुनियेत एक राजकन्या त्याच्यावर भाळते आणि पुढच्या दुनियेत तिचं कोणी नावही काढत नाही, यावर तर ते जेवतानासुद्धा बोलले. कौतुक एकदाच केलं. बुटक्या लोहारांच्या नगरात वितळलेलं लोखंड चरातून वाहतं, ते वाचून म्हणाले, "हे बराबर लिवलं. वाचतानी आच लागते." त्या दिवशी समीक्षाचे पाय जमिनीवर नव्हते.

आजच्या भागात जलनगराचा बांध फुटायला आला होता. म्हातारी राणी अंथरुणाला खिळलेली, तिला औषध पाजणारा एकटा रुद्र. तेवढ्यात नव्या दुनियेचं दार उघडतं आणि हा पठ्ठ्या उडी मारतो. वाचक खूश होते. 'अगली दुनिया कब?' म्हणून तिच्या मागे लागले होते.

"अन् त्या बुढीले आता औषध कोन देईन?" बाबांचा आवाज चढला. "निंगाला आपला नवी दुनिया पाहाले!"

समीक्षाची कानशिलं तापली. हे बोलणं रुद्रसाठी नव्हतंच, तिची खात्री होती. अ‍ॅपवाल्यांनी तिला हैदराबादला बोलावलं होतं. कायमची नोकरी, लिहिण्याचीच. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिचं फोनवरचं बोलणं बाबांनी नक्की ऐकलं असणार. आतल्या खोलीत आजी होती, गयाबाई, बाबांची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. समीक्षाची आई गेल्यापासून घर तिच्याच अंगावर होतं, आता आजीही.

"पोरी, पानी दे वं," आतून गयाबाईंची हाक आली.

बाबा उठायला लागले.

"तुमी बसा. तुमाले नाही जमत," समीक्षा खेकसली आणि स्वतः आत गेली. आजीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं, पाठीमागची उशी सरकवली. बाहेर आली तर बाबा पुन्हा मोबाइल घेऊन बसलेले.

"मी म्हनतो, त्यानं जातानी निदान..."

"बस करा नं, बाबा!" ती ओरडलीच. "समजते मले, कावून बोलून राहिले तुमी. नाही जात मी हैदराबादले! आत्ताच मना करून टाकते. रुद्र भी कहीं नहीं जाएगा. बसन तिथंच राणीजवळ, ज़िंदगी भर. झालं समाधान?"

बाबांनी मोबाइल खाली ठेवला.

"कोनतं हैदराबाद?"

म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. समीक्षाला स्वतःचाच राग आला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने रडत, नाक पुसत सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग पुन्हा चिडले.

"अवं, जाऊ नोको असं म्या कदी म्हनलं त्याले? शिफ्ट संपली का मानसानं जाच. पन रिलीव्हर, आपल्या जागी येनारा मानूस, आल्याबिगर जागा सोडाची नाही, अन् काय चालू, काय बंद, हे त्याले सांगितल्याबिगर गेटाबाहेर पाय टाकाचा नाही. फर्नेसवर हाच कायदा. तुया रुद्र कोनालेच काही सांगत नाही. तेवढंच चुकते त्याचं."

"रुद्रले सोपं आहे," समीक्षा म्हणाली. "इथं कोन आहे रिलीव्हर?"

"दिवाळीपासून तुयासमोर बसून आहो. तूच जागा सोडून नाही राहिली." बाबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी पुढ्यात बसले. "बोल. मायची गोळी जेवनाच्या आधी का नंतर?"